चारपैकी तीन

४ एप्रिल २०११, सोमवार. गुढीपाडवा.

आजपासून डायरी. डाव्या हाताने लिहितो आहे, त्यामुळे अक्षर सध्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं दिसतं. चालेल. वाचणारा मीच.

जानेवारीत पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. उजवी बाजू. वाचा शाबूत राहिली. माझ्या बायकोच्या, रंभाच्या मते दोनचार दिवस ती गेली असती तरी चाललं असतं. पाय काठीच्या आधाराने चालतो. राहिला तो उजवा हात. कोपरात वाकून छातीशी येतो आणि बोटं तळहातात मिटतात. डॉक्टर म्हणतात, स्पास्टिसिटी. मेंदूकडून स्नायूला आवर घालणारा निरोप पोचत नाही, म्हणून तो ताठतो. माझं मत वेगळं आहे. सुरुवातीला हाच हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. आता मूठ वळते. याला साध्या मराठीत ताकद येणं म्हणतात.

संकल्प. रोज व्यायाम. चिडायचं नाही. आणि १३ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेला, करंजाच्या जेटीवर पहिला नारळ मीच सोडणार.

नारळाचं नीट लिहून ठेवतो, म्हणजे मन ढिलं पडणार नाही. गावाचा पहिला नारळ आमच्या घराचा. घरातल्या थोरल्याने जेटीच्या खालच्या पायरीवर उभं राहून, सोनेरी कागदातला तो नारळ उजव्या हाताने समुद्रात सोडायचा. डावा हात लावायचा नाही. तो पाण्यात पडेपर्यंत दुसऱ्या कुणाचा नारळ पडत नाही आणि एकही होडी सुटत नाही. आजोबा, बाबा, मग मी. मी शिपिंग एजंटच्या ऑफिसात लागलो, सुपरिटेंडेंट झालो, न्यू पनवेलला फ्लॅट घेतला. कोळ्याच्या पोटी जन्मून मासे विकत आणून खातो. गावात माझं म्हणून आता काही नाही. वर्षातून एकदा तो नारळ आहे. तोही गेला तर करंजाला मी कोण, पनवेलचा पाहुणा.

आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून माझ्यानंतर मान चुलतभाऊ दयारामच्या घरात जातो. तो गावातच असतो, दोन होड्यांचा मालक आहे. अजून तो काही बोललेला नाही. मला त्याचीच काळजी वाटते.

६ एप्रिल, बुधवार.

फिजिओथेरपी सेंटरचा पहिला दिवस. रेवा मॅडम. वय पंचविशीचं, बोलणं पुण्याचं, मनगट काडीएवढं. मला वाटलं, ही माझा हात काय हलवणार.

त्यांनी मला आडवं केलं, हात सैल सोडा म्हणाल्या. आधी हळू सरळ केला, मग झटक्यात. मध्ये कुठेतरी तो अडतो. जिथे अडतो तिथे त्या थांबतात आणि आकडा सांगतात. कोपर दोन, मनगट दोन, बोटं दोन. स्केल शून्य ते चार.

चारपैकी दोन. पहिल्याच दिवशी पन्नास टक्के. पंचवीस वर्षं मी स्टाफची अप्रेझल केली आहेत. नवीन माणसाला पहिल्या वर्षी पन्नास टक्के मी स्वतः कधी दिले नाहीत. काहीही न करता एवढं, तर मनावर घेतल्यावर किती?

शेजारच्या बेडवर प्रभाकर म्हणून गृहस्थ आहेत. बँकेतून रिटायर, नेऱ्याला फार्महाऊस. त्यांनाही झटका जानेवारीतलाच, बाजूही उजवीच. बोटं दोन. म्हणजे बरोबरीत. आमची ओळख झाली. मनात म्हटलं, बघू.

मॅडमनी लांबलचक समजावलं. मूठ मिटणं आपोआप होतं, त्यात तुमचं काही नाही, आपल्याला पाहिजे ते बोटं उघडणं. टेबलावर पंजा पसरून त्यावर भार द्यायचा, बोटं ताणायची, रात्री स्प्लिंट बांधून झोपायचं. आणि चेंडू दाबायचा नाही, त्याने आवळणारे स्नायू आणखी चिडतात.

पाडव्यालाच मी मार्केटमधून हसऱ्या तोंडाचा पिवळा चेंडू आणला आहे. झटका आलेला प्रत्येक माणूस चेंडू दाबतो. हॉस्पिटलच्या दारात विकायला असतात. मॅडम हुशार आहेत, पण अजून लहान आहेत.

१५ एप्रिल, शुक्रवार.

चेंडू चालू. बाथरूममध्ये दाबतो, कारण बाहेर रंभाचं लक्ष असतं.

स्प्लिंट आला. प्लास्टिकचा, हात ताटासारखा सपाट धरून ठेवतो. बांधला की बोटं आतून भांडतात. बांधला, काढला. झोप महत्त्वाची, असं डॉक्टरच म्हणाले होते.

१९ एप्रिल, मंगळवार.

रंभाने चेंडू शेजारच्या पोरांना देऊन टाकला. विचारलं तर म्हणाली, मॅडम नको बोलल्या तरी तुमी दाबता, मंग मी काय करू. मी चिडलो नाही. संकल्प आहे. जुने मोजे गुंडाळून घट्ट गोळा केला आहे. चेंडूपेक्षा चांगला दबतो.

२९ एप्रिल, शुक्रवार.

आज पुन्हा तपासलं. बोटं तीन.

चारपैकी तीन. पंच्याहत्तर टक्के. प्रभाकर अजून दोनवरच. चेंडू दाबला नसेल. सांगितलेलं सगळं करणाऱ्या माणसाची हीच गत होते.

मॅडमच्या कपाळावर मात्र आठी. त्यांनी पुन्हा एकदा बोटं सरळ करून पाहिली आणि रंभाला बाजूला घेऊन बोलत बसल्या. काही साहेब असतात असे, मार्क देतात आणि तोंड पाडतात. मीही तसाच होतो, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

घरी येताना रंभा म्हणाली, मॅडम बोलतात नंबर खाली यायला पायजे. मी तिला शांतपणे समजावलं. नंबर खाली येणं म्हणजे दहावा होता तो पहिला येणं. ती रँक आणि मार्क यात गोंधळली. शाळा चौथीपर्यंतच झाली तिची, तिचा दोष नाही. ती कोळंबी सोलायला बसली.

दयारामला मुद्दाम फोन करून सांगितलं, तीन आले. तो म्हणाला, बरा हाय ना मंग, दादा. आवाज पडलेला वाटला.

सोसायटीत पेढे वाटले.

८ मे, रविवार.

बाजारात गेलो होतो. रिक्षातून उतरताना उजव्या हाताने दांडा धरला. उतरलो. हात सुटेना.

मागून टेम्पो हॉर्न मारत होता. रिक्षावाल्याला वाटलं मी उतरलो, त्याने गाडी पुढे घेतली. मी दांड्याबरोबर फरफटत चाललो. काठी पडली. रंभा एवढ्या मोठ्याने ओरडली की भाजीवाल्यासकट सगळे थांबले. तिने पळत येऊन माझं मनगट आत वाकवलं, अंगठा मुळातून धरून बाहेर घेतला आणि बोटं मोकळी केली. मॅडमनी तिला शिकवून ठेवलेलं दिसतं. मला न विचारता.

घरी आल्यावर तिने खरचटलं होतं तिथे हळद लावली.

दांड्याला रबर होतं. रबराला बोट चिकटतं. पण पकड काय झाली आहे ते यातून कळलं. चालती रिक्षा हातातून सुटली नाही. नारळ काय सुटणार?

१८ मे, बुधवार.

मुंबईचे मोठे डॉक्टर बुधवारी येतात. त्यांनी हात पाहिला, रेवा मॅडमशी बोलले. इंजेक्शन घ्या म्हणाले. कोपराखालच्या, बोटं मिटवणाऱ्या स्नायूंत द्यायचं. पंधरा दिवसांत स्नायू सैल पडतो, तीनेक महिने तसा राहतो, तेवढ्या काळात व्यायाम करून हात उघडायला शिकवायचं. ऑगस्टमध्ये घरचं कार्य आहे असं मी मॅडमना मोघम सांगून ठेवलं होतं. नारळाचं काही बोललो नाही, पुण्याच्या माणसाला त्यातलं काय कळणार. मॅडम म्हणाल्या, ऑगस्ट गाठायचा असेल तर हीच वेळ आहे, नंतर स्नायू आखडत जातो.

मी विचारलं, सैल म्हणजे कमजोर ना? त्या म्हणाल्या, तो स्नायू थोडा कमजोर होतो, हो. पण आपल्याला तेच हवंय.

मी नाही म्हणालो. मार्क कमी व्हावेत म्हणून कुणी सुई टोचून घेतं का? प्रभाकर लगेच हो म्हणाले. मला त्यांची कीव आली.

घरी रंभाने विचारलं, सुईला घाबरलात काय? मी चिडलो. एकदाच.

सुईला मी घाबरत नाही. इथे लिहायला हरकत नाही. जानेवारीतला तो हात आठवला. पलंगाच्या कडेवरून खाली लोंबायचा आणि तो माझा आहे हे मला बघून कळायचं. पुन्हा तसा झाला तर? मुठीत निदान काहीतरी आहे. मी ते सोडणार नाही.

५ जून, रविवार.

दयाराम आला. सोडे, सुके बोंबील घेऊन आला. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायच्या आधी होड्या वर ओढायच्या आहेत म्हणाला. माझ्या हाताकडे बघितलं आणि लगेच भिंतीकडे बघायला लागला.

मग विषयावर आला. कमिटीवाले इचारतात दादा, औंदा नारलाचं कसं करायचं. म्हणजे तुमाला तरास होत असंल तर मी बाजूला उभा रेन, खालून हात धरीन. तुमीच सोडायचा, मी नुसता हात धरीन.

नुसता हात. कळतं मला. औंदा हात धरायचा, पुढच्या वर्षी नारळ.

मी रंभाला नारळ आणायला सांगितलं. डाव्या हाताने तो उजव्या बोटांत बसवला आणि दयारामचा चहा संपेपर्यंत धरून ठेवला. तो म्हणाला, येवढं कशाला दादा, ठेवा खाली. मी ठेवला नाही. म्हणालो, कमिटीला सांग, नाव माझं लिहा.

तो गेला. रंभा त्याला सोडायला गेटपर्यंत गेली. तेवढ्यात मला नारळ टेबलावर ठेवायचा होता. ठेवता आला नाही. खांद्यापर्यंत सगळा हात थरथरायला लागला. ती येईपर्यंत मी नारळ धरून खिडकीशी उभा होतो, आणि ती गेटवर दयारामशी एवढा वेळ काय बोलते आहे असं मनात चाललं होतं.

शेवटी कोमट पाण्याखाली तिने बोटं सोडवली.

दयारामसमोर ठेवला असता तर हरल्यासारखं दिसलं असतं. म्हणून धरून ठेवला. नंतरचा वेळ म्हणजे निव्वळ सवय.

२२ जून, बुधवार.

प्रभाकरांना इंजेक्शन लागू झालं. बोटं एक. अर्ध्यावर घसरले. आणि मॅडम टाळ्या वाजवतात. प्रभाकर हसत होते, त्यांच्या मिसेस डोळे पुसत होत्या. बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

त्यांनी मला पेरू दिला, त्यांच्या झाडाचा. उजव्या हाताने पुढे केला आणि माझ्या डाव्या हातात सोडला.

मी घेतला. खाल्ला नाही.

१३ जुलै, बुधवार.

मॅडम आज चिडल्या. माझी मूठ मोठ्या मुश्किलीने उघडली तर तळहातावर नखांचे चार व्रण आणि आतली कातडी पांढरी, ओली. वासही येत होता. त्यांनी रंभाला विचारलं, आतून धुता का? रंभा म्हणाली, धुवायला देत नाय हो, हात लावला का खेकसतात.

पावसाळा आहे. सगळ्याच गोष्टींना वास येतो.

मॅडम म्हणाल्या, स्प्लिंट रोज बांधता ना? मी म्हणालो, रोज. हे खोटं नाही. बांधतो रोजच. मग त्या म्हणाल्या, आता हा नुसता ताठपणा राहिलेला नाही, स्नायू आखूड होत चाललाय. अजून उशीर झाला तर इंजेक्शनचाही फारसा उपयोग व्हायचा नाही. आणि टेन्शन घेऊ नका, टेन्शन आलं, थंडी वाजली, घाई झाली की हात जास्त आवळतो.

टेन्शन मला नाही. टेन्शन त्यांना आहे.

मात्र आज त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही. मी विचारलंही नाही. रिझल्ट लागायच्या आधी विचारायचा नसतो.

२७ जुलै, बुधवार.

पौर्णिमा जवळ आली. म्हटलं, मॅडमना एकदा काय ते दाखवून द्यावं. पिशवीतून नारळ घेऊन गेलो. आणि सगळं सांगितलं. मान, जेटी, पायरी, उजवा हात, दयाराम. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. असं कुणी ऐकलं की बरं वाटतं.

मग नारळ बोटांत बसवला आणि हात पुढे केला. पाण्यासारखा स्थिर. प्रभाकर, त्यांच्या मिसेस, दुसरे दोन पेशंट, सगळे बघत होते.

मॅडम म्हणाल्या, छान. आता सोडा.

२८ जुलै, गुरुवार.

काल पंखा डोक्यावर होता. हात गार पडला होता. शिवाय एवढे लोक बघत असताना कुणाचाही हात अवघडेल.

मॅडमनी बोटं सोडवली आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. म्हणाल्या, काका, हे मला एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत? मी म्हणालो, विचारलं नव्हतं. मग मीच विचारलं, आता इंजेक्शन? त्या म्हणाल्या, देऊ शकतो, पण लागू व्हायलाच पंधरा दिवस, आणि आता त्याने नुसतं भागणार नाही. पौर्णिमा धरू नका मनात.

धरू नका म्हणे. धरण्यातच तर मी पास झालो आहे.

तीन महिने सगळं लक्ष पकडीवर होतं. सोडण्याचा विचार केला नाही, कारण सोडायला काय लागतं? दुनियेत सोडायला कुणी शिकतं का?

३० जुलै, शनिवार.

तोडगा सापडला. खोबरेल तेल.

नारळाला तेल चोळायचं. निसटायला लागला की बोटांनी कितीही धरला तरी तो जाणारच. बादलीवर प्रयोग केले. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा अडकला. तिसऱ्यांदा रंभा आली, म्हणून मोजला नाही. प्लॅन पक्का. क्लिनिकला जाणं पौर्णिमेपर्यंत बंद. विश्रांतीही ट्रीटमेंटच आहे.

९ ऑगस्ट, मंगळवार.

दयारामचा फोन. परत तेच. दादा, मी बाजूला उभा रेतो. मी फोन ठेवला. रंभाशी तीन तास बोललो नाही. ती म्हणाली, तुमाला दयाराम भावजी कवापासून वैरी झाले? जेवण गेलं नाही.

बादलीवर सकाळपासून एकदाही सुटला नाही. तेल पातळ आहे. दुसऱ्या कंपनीचं आणलं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार. करंजा.

उरण रोडला कंटेनरच्या रांगा, पोचायला उशीर झाला. दयारामच्या घरी उतरलो, दुसरीकडे कुठे उतरणार. अंगणात होड्यांची रंगरंगोटी. दयारामची बायको म्हणाली, भावजी बारीक झालात. लोक येऊन हाताकडे बघून जातात. मी तो शालीखाली ठेवला आहे.

१३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी.

झोप चांगली झाली. हवा चांगली. हात थोडा जास्त वर आलेला आहे, हनुवटीपाशी, पण ते उत्साहाने. नारळाला तेल चोळून झालं, वर सोनेरी कागद गुंडाळला. रंभाने बोटांत बसवून दिला. मी तिला म्हणालो, आज बघ.

१४ ऑगस्ट, रविवार. पनवेल.

काही लिहायचं नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार.

लिहून टाकतो. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

मिरवणूक देवळापासून निघाली. पुढे बँड, मागे बायका, मध्ये मी. सबंध वाट नारळ हातात. लोक माझं नाव घेऊन म्हणत होते, काशिराम नाखव्याचा हात बघा कसा धरलाय. वडील असते तर, असं वाटलं.

जेटीच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. खाली उतरलो. दयाराम एक पायरी मागे. बँड थांबला. पुजारी म्हणाले, सोडा. मी कमरेत वाकलो, मूठ पाण्यावर आणली.

काहीतरी सुटलं. पाण्यावर सोनेरी चमकलं. वर बँड वाजला, फटाके लागले, दोघातिघांनी आपले नारळ फेकलेसुद्धा. मलाही क्षणभर वाटलं, झालं. मग खाली बघितलं. तेलाने कागद निसटला होता. नारळ हातातच होता.

कुणीतरी वरून म्हणालं, नारल त्यांच्या हातात हाय. बँड एकेक वाद्य करत बंद पडला. ज्यांचे नारळ पाण्यात गेले होते त्यांच्याकडे मी बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी जोर लावला. जेवढा जोर लावला तेवढी बोटं आत गेली. हात छातीकडे यायला लागला, नारळासकट. नखं तळहातात रुतली, ते कळत होतं. सगळं गाव उभं होतं आणि होड्यांवरचे लोक दोरावर हात ठेवून थांबले होते. मी समुद्राला, हाताला आणि दयारामला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहीत नाही.

दयाराम खाली उतरला. मला वाटलं, आला. आता घेणार. त्याने माझी कंबर मागून पकडली, मी पाण्यात जाऊ नये म्हणून. आणि वर तोंड करून हाक मारली, वयनी, खाली या.

त्या पायरीवर बाई कधी उतरलेली नाही. रंभा उतरली. लुगडं भिजलं तिचं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हाताकडे बघितलं. मनगट आत वाकवलं, अंगठा मुळातून बाहेर काढला, मग एकेक बोट, कुणी लहान पोराची मूठ उघडावी तसं. नारळ पाण्यात पडला. आवाज फार थोडा झाला. नंतर होड्या सुटल्या.

संध्याकाळी कमिटीची माणसं दयारामच्या अंगणात बसली. मी आत होतो, सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, मान आता दयारामनं घ्यावा. दयाराम म्हणाला, मला नको. नारल सुटायच्या टायमाला मी होडीवर पायजे, पहिल्यापासून तसाच हाय. मान दादाच्याच घरात ठेवा. औंदा वयनींनी सोडला, पुढल्या सालीबी वयनीच सोडतील. कुणी नाही म्हणालं नाही.

एप्रिलपासून मी ज्याच्यापासून मान राखत होतो, त्याला तो नकोच होता. नुसता हात धरणार होता. मला राग यायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं. लाज वाटली.

वारा होता. पायरीही निसरडी होती. हे आहेच.

१७ ऑगस्ट, बुधवार.

क्लिनिकला गेलो. रंभा बरोबर. प्रभाकर आता येत नाहीत, त्यांना सोडलं.

मॅडमना हात बघूनच कळलं असावं. बोटं सरळ करायला गेल्या, हलली नाहीत. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, चार. मी विचारलं, आणि चांगलं कुठलं असतं, मॅडम? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, शून्य, काका.

मी मान हलवली. पेढे खाल्लेली माणसं अजून जिन्यात विचारतात, किती झाले.

त्या म्हणाल्या, इंजेक्शन देऊ, वर काही दिवस प्लास्टर घालून हळूहळू ताणू. नाहीच जमलं तर सर्जनला दाखवू. पण यातून तुम्हाला काय मिळायला हवं, ते आधी ठरवू, म्हणजे तसं काम करता येईल. मी रंभाकडे बघितलं. रंभा म्हणाली, आतून धुता आला पायजे. आणि नखं कापता आली पायजेत. मॅडमनी मला विचारलं, चालेल? मी म्हणालो, चालेल.

घरी आल्यावर रंभाने कोमट पाण्याचं पातेलं आणलं. मी स्वतःहून हात पुढे केला. ती अंगठा बाहेर काढायला लागली, निघेना. म्हणाली, आवळू नका हो.

मी आवळत नव्हतो.